चाळ उतरल्यावर

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला रंगनाथस्वामींची यात्रा भरते. लहानपणी तिथला तमाशाचा तंबू मी पाहिला तो दुपारचा. रात्री आम्हा पोरांना तिकडे फिरकू देत नसत. दुपारी मात्र बैलबाजारातून घरी जाताना तंबूमागून वाट होती. दोरीवर लुगडी वाळत घातलेली, तीन दगडांच्या चुलीवर भात शिजत असलेला, आणि ताडपत्रीवर बसून एक बाई पोटऱ्यांना तेल चोळत होती. शेजारी चाळांची जोडी पडली होती. कातडी पट्ट्यावर ओळीने ओवलेली पितळी घुंगरं आणि खाली घोट्याला बांधायच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. मी एक चाळ उचलायला गेलो तर दोन्ही हात लावावे लागले. "ठेव बाळा, पायावर पडंल," ती म्हणाली. तेव्हा ती मला चांगलीच वयस्कर वाटली होती. आज आठवून हिशेब करतो तर ती पस्तिशीचीही नसावी.

नाचणाऱ्या बाईला लवकर निवृत्त होता येतं का, या प्रश्नाकडे मी त्या पोटऱ्यांपासूनच बघतो. सध्या शहरांत लवकर निवृत्तीचं बरंच बोललं जातं. तिशीत भरपूर कमवा, वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट रक्कम साठवा, चाळिशीत नोकरी सोडा. त्या बोलण्यात निवृत्ती ही माणसाने आपल्या मर्जीने घ्यायची गोष्ट असते. नाचणारीच्या बाबतीत ती मर्जी मुळातच नाही. दोन्ही पायांचं मिळून चार-पाच किलो वजन बांधून रात्ररात्र ठेका धरायचा, तोही कधी फळ्यांच्या स्टेजवर तर कधी ओल्या जमिनीवर. पस्तिशीच्या पुढे गुडघा ऐकत नाही, आणि त्याआधीच समोरचा प्रेक्षक नवी पोरगी मागू लागतो. म्हणजे ती लवकर थांबणार हे ठरलेलंच आहे. त्यानंतर तिच्या ताटात काय पडतं, एवढाच प्रश्न उरतो.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तमाशाच्या फडांचं गाव नाही, लावणीची थिएटरं नाहीत. फड नारायणगावचे. जुन्नर तालुक्यातल्या त्या गावात गुढीपाडव्याच्या सुमारास राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे जाऊन सुपारी ठरवतात. संगीत बारीची, म्हणजे नुसत्या गाण्या-नाचाच्या लावणीची, थिएटरं दौंड तालुक्यातल्या चौफुल्याला, सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबला, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला आणि पुण्याच्या आर्यभूषणला. आपल्याकडे, विदर्भात, मूळची दंडार आणि खडी गंमत. तिथे बाईचं सोंगही पुरुषच घ्यायचा. वणीच्या पलीकडे चंद्रपूर-गडचिरोलीकडे गेलं की झाडीपट्टीची नाटकं लागतात आणि त्यांत आता लावणीचा नाच हमखास असतो. तर यवतमाळचा माणूस या व्यवसायात मुख्यतः प्रेक्षक आहे. कापूस विकला, हातात चार पैसे आले की यात्रेत, नवरात्रात, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला आपण लावणीचे फलक लावतो. बोलावणारे आपण असलो तर त्या बाईच्या उतारवयाचा विचारही थोडा आपल्याकडे येतो.

आधी फडाची कमाई समजून घेऊ. फडाचा हंगाम दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत, म्हणजे साधारण सात महिने. पावसाळ्यात काम नाही. त्या दिवसांत घर चालायचं तर फडमालकाकडून उचल घ्यावी लागते. पोराची फी, आईचं औषध, गळकं छप्पर हे सगळं त्या उचलीत भागतं आणि पुढचा हंगाम ती फेडण्यात जातो. ऊसतोड मजूर टोळीत जाताना जी उचल घेतो तीच ही. शब्दही तोच, गाठही तशीच. उचल फिटल्याशिवाय फड सोडता येत नाही, आणि फिटत आली की पावसाळा येतो. मालकाला दोष देऊन हे सुटत नाही. तोही गाड्या, तंबू, जनरेटर आणि पन्नासेक माणसांचं जेवण यासाठी व्याजाचा पैसा उचलतो, आणि एका वळवाच्या पावसात तंबूचा खेळ गेला की त्याचंही गणित कोसळतं.

अशा बाईने अगदी काटकसरीने संसार केला असं धरू. उचल घेतली नाही, आजारपण आलं नाही, आणि हंगामाच्या सात महिन्यांत दर महिन्याला ८,००० रुपये बाजूला पडले. वर्षाचे ५६,००० झाले. पंधरा वर्षं न चुकता ७ टक्के व्याजाने ठेवले तर शेवटी हातात साधारण १४ लाख येतात. लवकर निवृत्तीवाले सांगतात की वर्षाला त्यातले चारच टक्के काढा, म्हणजे पैसा टिकतो. १४ लाखांचे चार टक्के म्हणजे महिन्याला ४,७०० रुपयांच्या आतबाहेर. पण तोवर पंधरा वर्षं उलटलेली असतात. महागाई ५ टक्के धरली तरी त्या रकमेत आजच्या सव्वादोन हजारांचाच बाजार येईल. उलट बाजूने मोजलं, तर यवतमाळसारख्या ठिकाणी महिना २० हजारांत घर चालवायला पंचवीसपटीच्या हिशेबाने ६० लाख लागतात. सगळं सुरळीत धरूनसुद्धा, महागाई न मोजता, ती चौथ्या हिश्शापर्यंतच पोचते. आणि सगळं सुरळीत असलेली तमासगीर बाई माझ्या ऐकण्यात नाही.

संगीत बारीतली बाई फडातल्यापेक्षा जास्त कमावते असा समज आहे, आणि चलतीच्या वर्षांत तो खराही असतो. बैठकीचे पैसे मिळतात, वर दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांनी उधळलेले पैसे. पण त्या पैशाला फाटे किती फुटतात ते पाहावं लागतं. थिएटरच्या मालकाचा हिस्सा, पार्टीच्या मालकिणीचा हिस्सा, मग पेटीवाला, ढोलकीवाला, तबलजी. उरलेलं घरी जातं, आणि घर म्हणजे पुष्कळदा दहा-बारा तोंडं. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आलं आणि मराठी वाचकाला पहिल्यांदा नीट कळलं की नाचणारी मुलगी ही अख्ख्या कुटुंबाची कमावती असते. भाऊ, बाप, भावाची पोरं तिच्यावर बसून खातात. पैसे देणाऱ्या पुरुषाने पहिल्यांदा तिच्याशी संबंध जोडला, म्हणजे 'चिरा उतरवला', की तिचं लग्न होत नाही. ज्याने उतरवला तो काही वर्षं 'मालक' म्हणवतो आणि एक दिवस येणं बंद करतो. पोरं तिच्याकडे राहतात, वारसाहक्क कशावरच नाही. बापाचं नाव लावायचं तर ते कागदावर नाही, म्हणून काळे यांनी आईचं नाव लावलं. ते पुढे डॉक्टर झाले, आणि २००७ साली ऐन उमेदीत अपघातात गेले. ते पुस्तक मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना फक्त पैशाचा माग काढत गेलो. बाईच्या हातात पैसा येतो आणि तिच्या हातात राहत नाही, हे पानोपानी दिसतं. बचत कर असा सल्ला तिला देणाऱ्याने आधी हे पुस्तक वाचावं.

मोठ्या झालेल्यांचं काय झालं? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याहून मोठं नाव या कलेत नाही. नऊ महिन्यांच्या गरोदर असताना खेळ चालू होता, कळा आल्या, त्या स्टेजमागे गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा उभ्या राहिल्या हा प्रसंग महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. मला त्या प्रसंगात रजाच दिसत नाही. एका रात्रीची सुपारी बुडू नये म्हणून बाईने हे करावं, आणि ऐकणाऱ्यांनी ते शौर्य म्हणून घ्यावं, हे मला अजून पचलेलं नाही. राष्ट्रपतींनी त्यांना दोनदा गौरवलं. १९६२च्या युद्धाच्या काळात त्या सीमेवरच्या जवानांपुढे नाचल्या. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागलं. आता त्यांच्या नावाने राज्य सरकार तमाशातल्या ज्येष्ठांना जीवनगौरव पुरस्कार देतं. तो जरूर द्यावा. पण तो वर्षाला एकालाच मिळतो.

कांताबाई सातारकरांनी वेगळी वाट काढली. जोडीदार आणि फडमालक तुकाराम खेडकर गेल्यावर पोरांना घेऊन त्या बाहेर पडल्या, दुसऱ्यांच्या फडात राबल्या आणि मग स्वतःचा फड उभा केला. पुरुषी भूमिका करणारी ही बाई मालकीण झाली म्हणून टिकली. पुढे मुलगा रघुवीर खेडकर यांनी फड चालवला. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांचीही तीच वाट. म्हणजे नाचणारी मालकीण झाली तर तिचं म्हातारपण बरं जातं, पण तिला निवृत्ती मिळत नाही. कर्ज, गाड्या, माणसं अंगावर घेऊन ती सत्तरीपर्यंत फडातच असते. कांताबाई मे २०२१मध्ये कोरोनाने गेल्या. कोरोनाच्या दोन वर्षांत यात्रा बंद होत्या, तंबू गुंडाळलेले होते आणि कलावंतांची उचल मात्र तशीच उभी होती. सरकारने एकदाची मदत दिली ती माणशी ५,००० रुपयांची.

तिसरी वाट यमुनाबाई वाईकरांची, आणि या साऱ्या आढाव्यात मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बैठकीची लावणी बसून सादर करतात. गळा, डोळे, हात आणि चेहरा. एकाच ओळीची अदा दहा तऱ्हांनी करायची. तिथे गुडघा लागत नाही, मुरलेलं वय लागतं. यमुनाबाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या, आणि २०१८ साली गेल्या त्या १०२ वर्षांच्या होऊन. पायाने थांबायचं आणि कलेत राहायचं, अशी सोय या परंपरेतच होती. जुन्या जाणकारांना चाळिशीच्या बाईची अदा वीस वर्षांच्या मुलीपेक्षा जास्त मोलाची वाटायची. भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांनी 'संगीत बारी' रंगभूमीवर आणलं, त्यात शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या ज्येष्ठ कलावतीची अदा पुन्हा तिकीट काढून लोकांनी पाहिली. पण असा प्रेक्षक पुण्या-मुंबईत, तोही मोजका. आमच्या यात्रेत डीजेवर गाणं लागतं आणि पोरं मोबाइल वर धरतात. बसून केलेली अदा त्या गर्दीत कोण बघणार? आपण प्रेक्षक म्हणून बदललो आणि तिची वीस वर्षं कमी झाली, हे मला स्पष्ट दिसतं.

मुंबईच्या डान्सबारची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण तिथे निवृत्ती कायद्याने लादली. १५ ऑगस्ट २००५ला राज्यभर बंदी आली. तेव्हा या कामात ७५ हजार मुली असल्याचं सांगितलं जाई. २००६ला उच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरवली, २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं, मग सरकारने नवा कायदा आणला, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच जाचक अटी काढल्या. चौदा वर्षं गेली. २००५ साली वीस वर्षांची असलेली मुलगी निकालापर्यंत चौतीस वर्षांची झाली. खटला जिंकला तेव्हा तिचं नाचायचं वय सरलं होतं. बंदीच्याच दिवसांत एका नर्तकीच्या घरावर आयकराचा छापा पडला, बंगल्याचे फोटो छापून आले आणि सगळ्याजणी अशाच गब्बर असणार हे लोकांनी धरून टाकलं. २०१९च्या निकालात एक कामाची गोष्ट आहे. नाचणाऱ्या बाईशी लेखी करार असावा आणि तिचे पैसे बँकेत जमा व्हावेत ही अट न्यायालयाने राहू दिली. तमाशाच्या फडाला आणि लावणीच्या शोला अशी अट लावायला काय हरकत आहे? कागद असला तर पुढे पुष्कळ गोष्टी सोप्या होतात, त्याकडे येतोच.

गेल्या काही वर्षांत लावणीच्या नावाने जे शो होतात त्यांतून एखाददुसरं नाव एवढं गाजतं की गर्दी आवरायला पोलीस लागतात. त्यांच्या मानधनाचे आकडे लोक चघळतात. पण त्याच गाडीतून आलेल्या, मागे नाचणाऱ्या आठ-दहा मुलींना एका रात्रीची ठरलेली बिदागीच मिळते. त्यांचं नाव फलकावर नसतं. काही गडबड झाली तर गुन्हा मात्र त्यांच्यापर्यंत पोचतो. जानेवारी २०२२मध्ये उमरेड तालुक्यातल्या अशाच एका 'डान्स हंगामा'नंतर अटका झाल्या तेव्हा विदर्भात आठवडाभर अश्लीलतेची चर्चा चालली. नाचणाऱ्या मुली पुढे काय खाणार, हे त्या चर्चेत मला कुठे वाचायला मिळालं नाही.

परदेशातही परिस्थिती फार वेगळी आहे असं नाही. अमेरिकेतल्या क्लबांत नाचणारीलाच त्या रात्रीचं भाडं मालकाला द्यावं लागतं, मग टिप्समधून तिची कमाई. आपल्याकडच्या थिएटरमालकाच्या हिश्शाचीच ही गत. लॉस एंजेलिसमधल्या स्टार गार्डन या क्लबातल्या नर्तकींनी २०२३मध्ये नाट्यकलावंतांच्या संघटनेत जाऊन युनियन मिळवली, ती सुरक्षिततेच्या आणि हक्काच्या मागण्यांसाठी. पण मला सांगायचंय ते पॅरिसच्या ऑपेराचं. तिथल्या बॅले नर्तकांना ४२व्या वर्षी निवृत्तिवेतन सुरू होतं. ही व्यवस्था चौदाव्या लुईने १६९८ साली घालून दिली. नाचणाऱ्याचं शरीर लवकर थकतं एवढी साधी गोष्ट त्या राजवटीने ओळखली होती. डिसेंबर २०१९मध्ये सरकार ती सवलत काढायला निघालं तेव्हा नर्तकी ऑपेराच्या पायऱ्यांवर थंडीत नाचल्या. त्या कुणाकडे दया मागत नव्हत्या. आपलं काम कसलं आहे हे दाखवत होत्या.

आपल्याकडे काय आहे? राज्याची वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५पासूनची, बरीच जुनी. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. आधी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा तीन वर्गांत ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये मिळत. २०२४पासून सगळ्यांना सरसकट ५,००० झाले, हे चांगलंच झालं. अटी अशा: वय ५० पूर्ण, कलेत पंधरा वर्षं, वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत. जिल्ह्याला वर्षाकाठी १०० जणांचा कोटा. यवतमाळचे तालुके सोळा, म्हणजे तालुक्याला सहा माणसं. त्यांत भजनी आले, कीर्तनकार आले, शाहीर, दंडारवाले, साहित्यिक आले.

बाकीच्या पेन्शन योजनांत वय साठ आहे. अटल पेन्शन, श्रमयोगी मानधन, दोन्हींत चाळिशीच्या आत हप्ते सुरू करायचे आणि साठीची वाट बघायची. पस्तिशीत थांबलेल्या बाईने मधली पंचवीस वर्षं हप्ते भरायचे कुठून? लाडकी बहीण किंवा निराधार योजनेचे १,५०० रुपये पदरात पडले तर तेवढेच. कलावंत मानधनाचं वय त्यातल्या त्यात अलीकडचं, पण तिथेही पस्तीस ते पन्नास ही पंधरा वर्षं उघडी राहतात. या पंधरा वर्षांतच बाई मोडते. पोरं शिकत असतात, आई-बाप अंथरुणाला असतात, आणि ती धुणीभांडी, शेतमजुरी किंवा परत त्याच फडात स्वयंपाकाला जाते. कापूस वेचायला वाकायचं तर तोच गुडघा.

आणि पन्नाशी गाठली तरी पुरावा लागतो. पंधरा वर्षं कला केली याचे दाखले, फोटो, कात्रणं, प्रमाणपत्रं. भजनी मंडळाकडे नोंदणीचा कागद असतो, सप्ताहाची पत्रिका जपून ठेवलेली असते. फडात नाचणारीला कुणी नेमणूकपत्र देत नाही. तिचा फोटो असला तरी तो लोकांच्या मोबाइलमध्ये, आणि त्याखाली तिचं नाव नसतं. कित्येकजणी तर नाचायचं थांबवल्यावर तो काळ शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपवतात. मुलीच्या सोयरिकीचा प्रश्न असतो. पाच हजारांसाठी सरकारी कार्यालयात उभं राहून 'मी नाचत होते' असं सांगायचं, आणि समोरच्या बाबूच्या नजरेतून जायचं, हे सोपं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. लवकर निवृत्त होणं आजच्या व्यवस्थेत नाचणाऱ्या बाईला परवडत नाही, आणि न होणं तिच्या शरीराला परवडत नाही. मालकीण झालेल्या, पुरस्कार मिळालेल्या, सिनेमात गेलेल्या चार नावांवरून उरलेल्या हजारोंचा हिशेब मांडू नये. दिव्यांग कलावंताला याच मानधन योजनेत वयाची अट ४० आहे. म्हणजे शरीर आधी थकू शकतं हे नियमाला मान्य आहे. हीच सवलत चाळ बांधून नाचलेल्या बाईला द्यावी. त्यासाठी नवा कायदा नको, शासन निर्णयात एक ओळ लागेल. फडमालकाचं, थिएटरच्या मालकिणीचं किंवा यात्रा कमिटीचं सही-शिक्क्याचं पत्र पुरावा म्हणून चालावं, आणि तिची चौकशी बाईमाणसानेच करावी.

आपल्या जिल्ह्यातल्या यात्रा कमिट्यांना, नवरात्र मंडळांना एक विनंती आहे. यंदा लावणीची सुपारी द्याल तेव्हा आलेल्या प्रत्येक कलावतीला तिच्या नावाचं एक पत्र द्या. गाव, तारीख, खेळाचं नाव, अध्यक्षाची सही, मंडळाचा शिक्का. एक कागद आणि पाच मिनिटं लागतील. असे पंधरा वर्षांचे कागद तिच्या पेटीत जमले, तर पन्नाशीला ती रिकाम्या हाताने खिडकीपाशी उभी राहणार नाही.